चिवट धाग्यांसाठी कात्री: कोणती घ्यावी, कशी पारखावी, कशी वापरावी

मी पाठपिशव्या शिवायला लागलो तेव्हा घरात आईची दहा इंची मेरठची कात्री होती. ब्लाउजपीसपासून गोधडीपर्यंत सगळं तिनं कापलं होतं. त्यामुळे सॅकच्या कोपऱ्यांना लावायला आणलेला पिवळा केवलारचा, म्हणजे एका फार चिवट कृत्रिम धाग्याच्या कापडाचा, तुकडाही ती कापेल, हे मी धरूनच चाललो. कापड दोन पात्यांमध्ये दुमडलं आणि जसं गेलं तसंच बाहेर आलं. मग दोन्ही हातांनी दाबून चार-पाच इंच कसंबसं कापलं, तर कडेला पिंजलेल्या कापसासारखे तंतू उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आईनं अस्तर कापायला घेतलं आणि विचारलं, "हिला काय खायला घातलंस रे?"

तेव्हापासून मला पटलेली एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. असं कापड कापलं जात नाही ते नेहमी ताकद कमी पडल्यामुळे नव्हे. बहुतेक वेळा धागा पात्यांमधून निसटतो किंवा आडवा होऊन दुमडतो. म्हणून नुसती धारदार किंवा नुसती मोठी कात्री घेऊन भागत नाही. धागा धरून ठेवणारी कात्री लागते, आणि तो कसा धरायचा हे धाग्याच्या जातीवर ठरतं.

पायरी 1: हातात काय आहे ते ओळखा

दुकानदार "हेवी कापड आहे" एवढंच सांगतो. त्यावरून काही कळत नाही. डेनियर विचारा. 9000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. म्हणजे 1000 डेनियरच्या कापडातला एक धागा 9 किलोमीटर लांब घेतला तर त्याचं वजन एक किलो भरेल. सॅकसाठी कॉर्डुरासारखं नायलॉन 500 किंवा 1000 डेनियरचं सर्रास मिळतं. पण डेनियर फक्त जाडी सांगतो. धागा कोणता, ते पाहायला जाळून बघण्याची जुनी पद्धत अजून उपयोगी आहे.

एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि मेणबत्तीजवळ न्या. हे उघड्यावर करा, खाली पाण्याची ताटली ठेवा. नायलॉन आणि पॉलिएस्टर ज्योतीपासून मागे सरतात, वितळतात आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी होतो. पॉलिएस्टर काळा धूर जास्त सोडतं. केवलार, ट्वारॉन हे अ‍ॅरामिड धागे वितळतच नाहीत. ते काळे पडतात आणि ज्योत काढली की विझतात. डायनिमा किंवा स्पेक्ट्रा मेणासारखं पटकन वितळतं. त्याची आणखी सोपी खूण म्हणजे ते पाण्यावर तरंगतं, कारण ते पॉलिथिलीनच आहे आणि त्याची घनता पाण्याहून थोडी कमी असते. काचेचा धागा जळत नाही, नुसता लाल होतो. पीव्हीसीचा थर असलेली ताडपत्री किंवा फ्लेक्स मात्र असं जाळून पाहू नका, त्यातून निघणारा वायू घशाला आणि फुप्फुसाला वाईट असतो. तसंही त्या थरावरून ते ओळखू येतंच.

पायरी 2: धाग्याप्रमाणे पातं निवडा

नायलॉन आणि पॉलिएस्टर, म्हणजे सॅकचं कापड, तंबूचं कापड, छत्रीचं कापड, सीटबेल्टचा पट्टा. यांना खास कात्री लागत नाही. चांगल्या पोलादाची, जड पात्याची दर्जीची कात्री पुरते. नवशिके इथेच पैसे वाया घालवतात. "केवलार कटर" असं लिहिलेली महागडी कात्री आणतात आणि तिनं आयुष्यभर नायलॉनच कापतात. कापडाला आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असेल तर पात्यांवर चिकटा जमतो. तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा, एवढंच.

अ‍ॅरामिडची गोष्ट वेगळी. स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ महिलेनं 1965 मध्ये ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत केवलारचा शोध लावला. वजनाला वजन लावून पाहिलं तर ते पोलादाच्या पाचपट ताण सोसतं. ही ताकद धाग्याच्या लांबीत आहे. त्याचे लांबट रेणू एकाच दिशेनं, काड्यांच्या मोळीसारखे रचलेले असतात. पातं बोथट असेल तर काड्या तुटण्याऐवजी एकमेकींपासून सुटतात, धागा उभा चिरतो आणि कडेला तो पिंजलेला कापूस दिसतो. माझ्या पहिल्या तुकड्याचं हेच झालं होतं.

त्यासाठी एका पात्यावर अगदी बारीक दाते असलेली कात्री घ्या. दाते इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना चटकन कळत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहा, धारेवर आडव्या रेघांची ओळ दिसेल. दातेरी पातं धाग्याला जागेवर धरतं आणि दुसरं, गुळगुळीत पातं कापतं. दोन्ही पात्यांना दाते असलेली कात्रीही मिळते. ती पकडते छान, पण कड जरा खरबरीत सोडते. ज्याला नेमका आकार कापायचा आहे त्यानं एकच दातेरी पातं असलेली घ्यावी, असं माझं मत आहे.

डायनिमा त्याहून खट्याळ. त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की धागा पात्यांवरून घसरत टोकाकडे पळतो. इथे दाते नसतील तर कितीही धार असो, चालत नाही. गरम सुरीनं कापायचा मोह होतो, कारण हे साधारण 150 अंश सेल्सिअसच्या आतबाहेर वितळतं. पण त्या उष्णतेनं कडेजवळचा भाग अशक्त होतो, म्हणून जिथे ताकद हवी तिथे कात्रीच वापरावी. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडर उडतात, त्यांच्या दोऱ्यांतही डायनिमा किंवा अ‍ॅरामिड असतं. आता कात्री हाताशी आहे म्हणून त्या दोऱ्या किंवा गिर्यारोहणाचे हार्नेस घरी कापून "दुरुस्त" करू नका. ज्यावर जीव टांगायचा ते सामान दुरुस्त करणं हे वेगळं शास्त्र आहे.

काचेच्या धाग्याबद्दल माझा सल्ला ऐकून लोक हसतात: सगळ्यात स्वस्त कात्री घ्या. फायबरग्लासची मॅट कापायला सोपी असते, पण काच पोलादाची धार खाते. भारी कात्रीसुद्धा तिच्यावर लवकर उतरते. म्हणून काचेसाठी साधी, पुन्हा पुन्हा धार लावता येईल अशी कात्री ठेवा. खर्च करायचाच असेल तर तो मास्क, गॉगल आणि पूर्ण बाह्यांच्या शर्टावर करा. काचेचे कण अंगाला लागले तर खाजवू किंवा चोळू नका, आधी गार पाण्याखाली धरा. कार्बन फायबरलाही असंच जपायचं. त्याची भुकटी वीजवाहक असते, म्हणून विजेच्या यंत्राजवळ किंवा उघड्या सॉकेटपाशी ते कापत बसू नका.

एक राहिलंच. सगळ्यालाच कात्री लागत नाही. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद लांबच लांब कापायचा असतो. तिथे आकड्यासारख्या वळलेल्या पात्याची सुरी ओढत नेणं कितीतरी सोपं. शेडनेटला साधी कात्री चालते. आणि एकावर एक वीस थर कापायचे असतील तर हातकात्रीचा नाद सोडा, गारमेंटवाल्यांचं फिरत्या पात्याचं विजेचं यंत्र भाड्यानं किंवा कामापुरतं मिळवा.

पायरी 3: लांबी, मूठ, खिळा

मोठी कात्री म्हणजे जोराची कात्री, हा समज काढून टाका. कात्री म्हणजे खिळ्याभोवती फिरणारी तरफ. समजा तुमची बोटं खिळ्यापासून 12 सेंटिमीटरवर आहेत. खिळ्यापासून 3 सेंटिमीटरवर कापलं तर हाताच्या चौपट जोर मिळतो. 12 सेंटिमीटरवर, म्हणजे लांब पात्याच्या टोकाशी, फक्त हाताएवढाच. म्हणून जाड पट्ट्यांसाठी आखूड पातं आणि लांब मूठ हवी. लांब पात्याची बारा इंची कात्री टेबलावर पसरलेलं कापड सरळ रेषेत कापायला चांगली, पण हाताला जड. नवख्या माणसानं दहा इंचीपासून सुरुवात करावी. लहान हात असतील तर आठ इंची.

मूठ वाकडी हवी. वाकड्या मुठीची कात्री टेबलावर ठेवली की खालचं पातं टेबलाला टेकून राहतं आणि कापड उचलावं लागत नाही. सरळ मुठीच्या कात्रीत प्रत्येक कापाला कापड वर उचललं जातं आणि रेघ हलते. खालच्या कड्यात तीन-चार बोटं मोकळी बसायला हवीत. अंगठ्याच्या कड्याची आतली कड हातानं चाचपून पाहा. ओतकामाची खर राहिली असेल तर अर्ध्या तासात अंगठ्याला फोड येतो.

डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच कात्री घ्यावी. यात नुसत्या मुठीचा प्रश्न नसतो. उजव्या हाताच्या कात्रीत पकडीच्या जोरानं पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच डाव्या हातात धरली की त्याच जोरानं पाती दूर होतात आणि कापड मध्ये दुमडतं. साध्या सुती कापडावर हे निभावतं, अ‍ॅरामिडवर नाही.

खिळ्याच्या जागी रिव्हेट ठोकलेली कात्री घेऊ नका. नट किंवा स्क्रू हवा, कारण चिवट कापडानं पाती सैल होतात आणि ती पुन्हा कसता आली पाहिजेत. रिव्हेट सैल झाला की कात्री संपली.

पोलादाबद्दल थोडंसंच. पत्र्यातून ठोकून काढलेली पाती हलकी आणि स्वस्त असतात, जोर दिला की वाकतात. घडीव, म्हणजे तापवून ठोकून बनवलेली पाती घ्या. पाकिटावर रॉकवेल कडकपणा, म्हणजे पोलाद किती कडक ते सांगणारा आकडा, लिहिलेला असेल तर साधारण 56 ते 60 चांगला. हाय कार्बन पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात पुसून न ठेवलं तर गंजतं. स्टेनलेस गंजायला नाखूश, पण स्वस्तातलं असेल तर मऊ. मी घाटावर राहतो, म्हणून मला कार्बनची सोसते. रत्नागिरीच्या मित्राला मी स्टेनलेस घ्यायला लावली.

पायरी 4: दुकानात काय तपासायचं

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, इथे हत्यारांच्या दुकानांतून हात लावून निवडता येतं. दातेरी अ‍ॅरामिड कात्री तिथे नसली तर फायबरग्लास आणि रेझिनचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. जाताना खिशात आपल्याच कापडाचे तुकडे घेऊन जा. दुकानदार कागद कापून दाखवतो. कागद काय, बोथट कात्रीही कापते.

पहिलं, कात्री मिटून उजेडाकडे धरा. दोन पात्यांच्या मध्ये बारीक फट दिसली पाहिजे आणि टोकं एकमेकांना टेकलेली असली पाहिजेत. फट पाहून पुष्कळजण "वाकडी आहे" म्हणून कात्री परत करतात. ती मुद्दाम ठेवलेली असते. चांगल्या कात्रीची पाती किंचित धनुष्यासारखी असतात, त्यामुळे कापताना ती एका वेळी एकाच बिंदूवर टेकतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातो. पाती पूर्ण सपाट असतील तर कापड चावलं जातं.

दुसरं, एक मूठ धरून कात्री पूर्ण उघडा आणि दुसरं पातं सोडून द्या. ते धाडकन पडलं तर खिळा सैल, जागचं हललंच नाही तर फार घट्ट. सावकाश खाली येऊन अर्ध्या वाटेत थांबलं तर बरोबर.

तिसरं, अस्तराचा पातळ तुकडा खिळ्यापासून टोकापर्यंत एका कापात कापा. शेवटच्या अर्ध्या इंचात धागा ओढला गेला तर टोकं जुळत नाहीत. मग आपल्या जाड कापडाचा एकेरी थर कापा. कापताना कर्रकर्र आवाज सलग आला पाहिजे. मध्येच "टक्" झालं तर धारेवर तिथे खाच आहे.

बजेट अगदीच कमी असेल तर मेडिकल सामानाच्या दुकानात मिळणारी ट्रॉमा कात्री पाहा. अपघातात जखमी माणसाचे कपडे आणि सीटबेल्ट कापायला बनवलेली, बोथट टोकाची, एका पात्याला दाते असलेली. काही शे रुपयांत येते. नेमकी रेघ तिनं जमणार नाही, पण पट्टे आणि दोर ती मुकाट्यानं कापते. माझ्या ट्रेकच्या पिशवीत कायम एक असते.

पायरी 5: पहिला काप

आखलेल्या रेघेवर मास्किंग टेप लावा आणि टेपच्या मधोमध कापा. सैल विणीच्या अ‍ॅरामिडला दोन्ही बाजूंनी लावा. टेपनं धागे जागेवर राहतात आणि कड उसवत नाही. डायनिमाच्या दोरालाही दोन-तीन वेढे टेप गुंडाळून वेढ्यांच्या मध्ये कापायचं.

खालचं पातं टेबलावर टेकवा. कात्री पूर्ण उघडा, कापड खिळ्याच्या जवळ सरकवा आणि टोकं मिटायच्या आधीच थांबा. पुन्हा उघडून पुढे सरका. पूर्ण मिटून कापलं तर प्रत्येक ठिकाणी रेघेला पायरी पडते. दुसऱ्या हातानं कापड हलकं ताणून ठेवा. एकच थर घ्या. "दुमडून एकदाच कापू" म्हणाल तर वरचा थर पुढे सरकतो आणि दोन तुकडे दोन मापांचे होतात. हा धडा मी दोन सॅक वाया घालवून शिकलो.

नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा पट्टा कापून झाला की टोक लायटरनं किंवा सोल्डरिंग आयर्ननं हलकं वितळवून बंद करा. ज्योत टोकाला टेकवू नका, जवळून फिरवा. वितळलेल्या नायलॉनला बोट लावू नका, ते कातडीला चिकटतं आणि तिथेच गार होतं. अ‍ॅरामिडला हा उपाय नाही, कारण ते वितळत नाही. त्याची कड दुमडून शिवावी लागते किंवा पट्टी लावावी लागते.

पायरी 6: धार आणि निगा

प्रत्येक जातीच्या धाग्याला वेगळी कात्री, आणि मुठीवर रंगीत टेप. माझ्याकडे पिवळी टेप अ‍ॅरामिडची, निळी नायलॉनची, लाल काचेची. घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा, नाहीतर लाल टेपवाली कात्री दुधाच्या पिशवीला जाईल. काम झालं की पाती कोरड्या फडक्यानं पुसायची, खिळ्यात शिलाई मशिनचं तेल एक थेंब टाकायचं आणि चार वेळा उघडमिट करून बाहेर आलेलं तेल टिपायचं. तेल राहिलं तर पुढच्या कापडावर डाग.

धार लावायला देताना धारवाल्याच्या समोर उभे राहा. पात्याची आतली, सपाट बाजू त्यानं घासायची नाही. घासलेल्या कात्रीत पाती नीट जुळत नाहीत आणि ती चूक सहसा दुरुस्त होत नाही. फक्त बाहेरची तिरपी धार, तीही मूळ कोनात. चाकावर पातं निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. ती जागा पुन्हा धार धरत नाही. म्हणून मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. दातेरी कात्रीचं फक्त गुळगुळीत पातं धारेला द्यायचं. दात्यांवर चाक फिरलं की ती साधी कात्री झाली.

मेरठच्या कात्रीची गोष्ट इथे येते. तीनशे वर्षांहून जुना हा धंदा, भंगारातल्या पोलादापासून पाती घडवणारा, आणि 2013 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे त्या कात्रीबद्दल म्हणतात, "दादा ले, पोता बरते": आजोबांनी घ्यावी, नातवानं वापरावी. पातं जाड असतं, नटबोल्टनं सुटतं, म्हणून पुन्हा पुन्हा धार लावून ती खरंच तशी टिकते. नायलॉन आणि ताडपत्रीसाठी मी अजून तीच घ्यायला सांगतो.

आईच्या कात्रीला मी तीनदा धार लावून आणली. सुती कापड ती नीट कापते. अस्तरावर मात्र टोकाशी अजून धागा ओढते, त्यामुळे आईनं दुसरी घेतली आणि ती कपाटात, कुलपात ठेवली. जुनीच्या मुठीवर आता लाल टेप आहे.